एका लाल फुलीची गोष्ट
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोनवर बजावलं होतं, “कॉम्प्युटर सोडून काहीही बोल.” म्हणून मानसशास्त्रावर बोलते. मी इंजिनिअर, हा विषय मी कॉलेजात शिकलेले नाही. कामामुळे वाचावा लागला आणि मग सुटला नाही. चूकभूल झाली तर बाई कान पकडतीलच.

मानसशास्त्राचा जन्म सहसा १८७९ सालचा धरतात. त्या वर्षी विल्हेल्म वुंटने जर्मनीत लाइपझिगला प्रयोगशाळा सुरू केली. त्याचा शिष्य टिचनर अमेरिकेत गेला आणि मनाचे तुकडे मोजू लागला: संवेदना किती, भावना किती. विल्यम जेम्सला ते पटेना. मन हा वाहता प्रवाह आहे, ते कशाचं बनलंय यापेक्षा ते काय काम करतं ते पाहा, असं त्याचं म्हणणं. फ्रॉइडला आज सुट्टी देऊ. त्याच्याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं.

मग १९१३ साली वॉटसनने जाहीर करून टाकलं, की मन दिसत नाही तर ते सोडून द्या, दिसणारं वर्तन तेवढं अभ्यासा. हा वर्तनवाद. नंतर विद्यापीठ सोडावं लागल्यावर हा गृहस्थ जाहिरातींच्या धंद्यात गेला, आणि तिथे त्याचं छान चाललं! यात मला नवल वाटत नाही.

पण माझा खरा संबंध आला तो स्किनरशी. १९५३ साली तो पालक म्हणून आपल्या चौथीतल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसला. पाहतो तर काय, काही मुलांची गणितं होऊन ती कंटाळलेली, काही अडलेली, आणि उत्तर बरोबर की चूक हे कळायला तपासलेला कागद परत येईपर्यंत थांबायचं. स्किनर अस्वस्थ झाला. बक्षीस ताबडतोब मिळालं तरच वर्तन पक्कं होतं, हे त्याने उंदीर-कबुतरांवर पाहिलेलं. पुढच्याच वर्षी त्याने शिकवण्याचं यंत्र लोकांसमोर मांडलं: छोटा प्रश्न, लगेच उत्तराची पडताळणी, मग पुढचा प्रश्न. ज्याचा त्याचा वेग वेगळा.

तुमच्या मुलांच्या मोबाइलमधलं शिकण्याचं ॲप आठवा. नाणी, चांदण्या, सलग किती दिवस अभ्यास केला त्याची साखळी. हे सगळं स्किनरचंच घराणं. मी स्वतः असं एक ॲप बांधणाऱ्या टीममध्ये तीन वर्षं होते. नाण्यांचा हिशेब ठेवणारा भाग माझा. उत्तम चालायचा. चाचणीत आम्ही एकदा तीच आकृती जरा तिरकी करून दिली, तेव्हा भरपूर नाणी कमावलेली मुलंसुद्धा अडली. मी बैठकीत हे मांडलं. मुलं रोज ॲप उघडताहेत ना, मग झालं, असं उत्तर मिळालं.

त्या संध्याकाळी एका सहकाऱ्याने मला मॅक्स वर्टहायमरचं नाव सांगितलं. हा गेस्टाल्ट पंथाचा माणूस. संपूर्ण म्हणजे नुसती भागांची बेरीज नव्हे, असं मानणारा. हिटलर आला तेव्हा, १९३३ साली, जर्मनी सोडून न्यूयॉर्कला गेला. १९४३ साली वारला, आणि त्याचं विचारप्रक्रियेवरचं पुस्तक त्यानंतर दोन वर्षांनी निघालं. त्यात एका वर्गाची हकिगत आहे. गुरुजी समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ शिकवतात: लंब टाका, पाया गुणिले उंची. सगळ्या मुलांना येतं. मग वर्टहायमर तोच चौकोन वेगळ्या तऱ्हेने उभा करून देतो. काही मुलं म्हणतात, हे आमचं अजून झालेलं नाही. काही पाठ केल्याप्रमाणे रेषा ओढतात आणि गोंधळतात. पुढे साडेपाच वर्षांच्या एका मुलीचीही गोष्ट आहे. ती चौकोनाच्या दोन्ही टोकांकडे बघते, ती तिरकी टोकं तिला खटकतात, आणि ती कात्री मागते. एका बाजूचं टोक कापून दुसऱ्या बाजूला लावलं की आयत होतो!

हे वाचलं आणि मला आपला नववीचा वर्ग दिसला. बाई, आपण वह्या बदलून तपासायला सांगायचात. माझ्याकडे शेजारच्या बाकावरची वही आली होती. समलंब चौकोन, समांतर बाजू ६ आणि १०, उंची ४. वहीत सूत्र नव्हतंच. त्याने तसाच दुसरा चौकोन उलटा करून पहिल्याला चिकटवलेला, १६ गुणिले ४ म्हणजे ६४, आणि त्याच्या निम्मे ३२. उत्तर बरोबर. मी, वर्गातली हुशार मुलगी, लाल पेनाने फुली मारली, कारण फळ्यावर तसं नव्हतं. बाईंना विचारलंही नाही. तो काही बोलला नाही. पुढे गणितात त्याने कधी हात वर केला नाही, हेही मला आठवतं. त्याला कारण मीच असेन असं नाही. पण नसेनच असंही म्हणवत नाही.

१९५६ नंतर वर्तनवादाची सद्दी हळूहळू ओसरत गेली. त्या वर्षी जॉर्ज मिलरने माणसाच्या डोक्यात एका वेळी साधारण सातच गोष्टी मावतात असं दाखवलं, आणि नेवेल व सायमन यांच्या संगणक प्रोग्रॅमने तर्कशास्त्राची प्रमेयं सिद्ध केली. एका जाडजूड ग्रंथातल्या ५२ पैकी ३८. आत काय चाललंय हे विचारायला पुन्हा परवानगी मिळाली. (संयोजक, कॉम्प्युटर आलाच, माफ करा.) स्किनर मात्र चूक ठरला असं मला वाटत नाही. पाढे, स्पेलिंग, टायपिंग याला त्याचंच औषध लागू पडतं. अडलेल्या मुलाला ताटकळत ठेवू नये, हे त्याचं म्हणणं तर सोळा आणे खरं. गोष्ट बिघडते ती बरोबर उत्तराला फक्त एकच वाट असते असं मानल्यावर. ते ॲप मी पुढे सोडलं.

तो मित्र आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. नाव घेत नाही, तो लाजेल. अरे, ती वही रद्दीत गेली असणार. जेवणाच्या सुट्टीत एक कागद घेऊन ये, आकृती पुन्हा काढ. लाल पेन मी आणलंय.