काना गावच्या लग्नातली मरिया



‘येशू असताना मरियेकडे कशाला जायचं?’ हा प्रश्न परके लोक विचारतात, तशी आपली शिकलेली मुलंही विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि चर्चला तो नवा नाही. आराधना फक्त देवाची. मरियेला आपण विनवतो ते ‘आमच्यासाठी प्रार्थना कर’ एवढंच. इ. स. ४३१ मध्ये एफेससच्या परिषदेने तिला ‘देवमाता’ म्हटलं, तेव्हाही मूळ वाद येशू कोण, हाच होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत तिच्यावर स्वतंत्र दस्तऐवज काढायचा की चर्चविषयीच्या दस्तऐवजातच तिचं प्रकरण घालायचं, यावर ऑक्टोबर १९६३ मध्ये मतं घेतली गेली. चर्चविषयीच्या दस्तऐवजातच घालण्याच्या बाजूने १,११४, विरुद्ध १,०७४. अवघ्या चाळीस मतांनी मरियेची जागा इतर श्रद्धावंतांमध्ये ठरली. तो निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

पण मरियाभक्ती परिषदांनी जगवलेली नाही. ती संध्याकाळच्या रोझरीने जगवली. मिस्सेला फादर लागतात, रोझरीला लागत नाहीत. आमच्या वसईत १७३९ साली पोर्तुगीजांची सत्ता गेली, सत्तेबरोबर आलेलं बरंच काही गेलं. श्रद्धा टिकली, ती माझ्या मते मुख्यत्वे उंबऱ्याच्या आत. आजी सुरुवात करणार, बाकीचे उत्तर देणार, एकेक दशक, म्हणजे दहा ‘नमो मरिया’, वाटून घेणार, आणि शेवटी मुलं वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घेणार. ज्या चर्चमध्ये स्त्रीला वेदीवर मिस्सा अर्पण करता येत नाही, त्याच चर्चच्या घराघरांत प्रार्थना चालवण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या आज्यांकडे राहिला आहे. या गोष्टीची आपण पुरेशी दखल घेतलेली नाही.

‘तेच तेच पन्नास वेळा काय म्हणायचं?’ असंही विचारतात. ओठांवर ‘नमो मरिया’ चालू असते तेव्हा मनापुढे येशूच्या आयुष्यातला एकेक प्रसंग ठेवायचा असतो : सोमवारी आनंदाची रहस्ये, मंगळवारी दुःखाची, बुधवारी गौरवाची. अक्षरओळख नसलेल्या बायकांना असं अर्धं शुभवर्तमान तोंडपाठ झालं. त्यांनी ते येशूच्या आईच्या शेजारी बसून ऐकलं. मन भरकटतं, मुलं पेंगतात, कुकरची शिट्टी होते. होऊ द्या. घरात चाललेली प्रार्थना घरासारखीच असणार.

नवसांविषयी मात्र आपल्या सुशिक्षितांना संकोच वाटतो. वांद्र्याच्या मोतमावलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या, जत्रेत मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला असतात. सर्व धर्मांची माणसं ती घेऊन टेकडी चढतात. माहीमच्या चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी मरियेची नोव्हेना होते, तिथेही तेच. गुडघा दुखतो म्हणून मेणाचा पाय वाहणाऱ्या बाईला हसण्याचा अधिकार मला नाही. आपलं दुखणं आईजवळ सांगायचं नाही, तर कुठे सांगायचं? माझी तक्रार वेगळी आहे. आपण आपल्या दुखण्यापाशीच थांबतो.

२००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोझरीत प्रकाशाची रहस्ये घातली. त्यांतलं दुसरं काना गावच्या लग्नाचं. लग्न दुसऱ्याच्या घरचं, मरिया पाहुणी. पंगतीत द्राक्षारस संपला, ते तिच्या लक्षात आलं. कुणी तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. ती मुलाला सांगते, मग नोकरांना बजावते की हा सांगेल तसं करा. योहानाच्या शुभवर्तमानात त्यानंतर ती एक शब्दही बोलत नाही. क्रुसाखालीही नुसती उभी राहते. दुसऱ्याच्या घरात काय संपलंय ते न सांगता ओळखणं, हे तिचं खरं रूप. गुरुवारी हे रहस्य म्हणून उठल्यावर शेजाऱ्याच्या घरची चूल माझ्या ध्यानात येत नसेल, तर मी तिच्याजवळ बसलोच नाही.

जून २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांनी मरियेच्या लितानीत तीन नावं वाढवली. त्यांतल्या एका नावात ती स्थलांतरितांचा दिलासा आहे. त्याच वर्षी, टाळेबंदीच्या उन्हाळ्यात, आपल्या महामार्गावरून मजूर डोक्यावर बोचकी घेऊन चालत होते. त्या महिन्यांत किती घरांनी दार उघडलं, हे ज्याचं त्याला ठाऊक.

ऑक्टोबर हा रोझरीचा महिना. या महिन्यात रोझरी घरोघर फिरते. ती यंदा भाडेकरूंच्या चाळींतही जावी, अशी माझी विनंती आहे. मुंबई परिसरात झारखंडहून, छत्तीसगडहून आलेले कितीतरी आदिवासी कॅथलिक घरकाम करतात, बांधकामांवर राबतात. त्यांना फक्त उत्तर द्यायला बसवू नका. एक दशक त्यांना त्यांच्या सादरी, कुडुख भाषेत पुढे होऊन म्हणू द्या, आणि आपण उत्तर देऊ.