उरणच्या प्रवासाची तयारी : कोण येणार, कोण मागे राहणार

(अधिवेशनाच्या पूर्वतयारीसाठी नाशिकला झालेल्या गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘प्रवास व्यवस्था – दहा मिनिटं’ असं लिहिलं आहे. मी जास्त वेळ घेणार आहे, आधीच सांगून ठेवते. कुठले ठराव मांडायचे यावर सकाळपासून आपण तीन तास बोललो. ते मांडायला कोण पोचणार, यावर दहा मिनिटं. हे प्रमाण मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगण्यासाठी मला माझीच एक चूक तुमच्यापुढे ठेवावी लागणार आहे.

आधी उरणविषयी. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी ते फक्त बातम्यांत ऐकलेलं. १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या मोबदल्यासाठी तिथल्या शेतकऱ्यांनी आंदोलन केलं, गोळीबार झाला, पाच जण गेले. ते उरण. हे गाव मुळात बेटावरचं. खाडीवर भराव पडत गेले, रस्ते झाले, बंदर आलं आणि आता ते जमिनीला इतकं चिकटलंय की बेट म्हटलं तर नवीन माणसाला खरं वाटत नाही. पण मुंबईहून जायची जुनी वाट अजून पाण्यावरूनच आहे. भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटते, तासाभरात मोरा बंदरावर उतरवते, तिथून गाव रिक्षाच्या अंतरावर. म्हणजे आपण सकाळच्या पंचवटीने मुंबईला उतरायचं, टॅक्सीने धक्का गाठायचा, आणि दुपारी उरणमध्ये जेवायला बसायचं. कागदावर अगदी सोपं.

असंच कागदावर सोपं मी एकदा करून ठेवलं होतं. करोनाच्या आधीची गोष्ट. उरणलाच दोन दिवसांचं शिबिर होतं. आपल्या जिल्ह्यातून चौतीस जणी गेलो. सिन्नरच्या विडी कामगार बायका होत्या, पेठ-सुरगाण्याच्या होत्या, शहरातल्या वस्त्यांमधल्या होत्या. चौतिसांतल्या निम्म्याहून अधिक जणींनी समुद्र पाहिलेला नव्हता. रस्त्यानेही जाता आलं असतं, पण मीच म्हटलं, लाँचने जाऊ. जाताना जी मजा आली ती मी विसरणार नाही. सुरगाण्याच्या एक मावशी पूर्ण तासभर कठड्याला धरून उभ्या होत्या, बसा म्हटलं तर बसेनात.

तारीख ठरवताना आम्ही काय काय पाहिलं होतं? शाळेच्या परीक्षा पाहिल्या, लग्नसराई पाहिली, सभागृह मोकळं आहे का ते पाहिलं. रविवारी दोनला समारोप, चारची लाँच, सव्वासहाच्या सुमाराची पंचवटी, रात्री सगळ्या आपापल्या घरी. या हिशेबावर मी सगळ्यांच्या घरी निरोप दिले होते की रविवारी रात्री येतो. त्या रविवारी पौर्णिमा होती.

साडेतीनला आम्ही पिशव्या घेऊन मोरा बंदरावर आलो तर धक्क्याखाली चिखल. लाँच लांब पाण्यात उभी. तिकीट खिडकीवरचा माणूस म्हणाला, ओहोटी आहे, पाणी आल्यावर बघू. किती वेळ, तर म्हणे अर्धा-पाऊण तास. तो अर्धा-पाऊण तास साडेसातपर्यंत चालला. सुरुवातीलाच रस्त्याने निघायला हवं होतं, पण चौतीस जणींची गाडी ऐन वेळी आणायची कुठून, आणि कंटेनरच्या रांगेत अडकलो तर? तिथे बसून राहिलो. पंचवटी गेली. आरक्षण गेलं. रात्रीच्या गाडीच्या जनरल डब्यात उभ्याने आलो, नाशिकरोडला उतरलो तेव्हा तीन वाजले होते. खेड्यातल्या बायकांना पहिल्या एसटीपर्यंत स्टँडवर बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी आपल्या एका वस्तीतल्या ताईला नवऱ्याने मारलं. रात्र कुठे काढलीस म्हणून. तिने खरं सांगितलं, समुद्राचं पाणी ओसरलं होतं म्हणून बोट निघाली नाही. त्यावर त्याने आणखी मारलं, कारण त्याला ती थट्टा वाटली. नाशिकच्या माणसाला समुद्राचं पाणी ओसरतं म्हणजे काय ते काय कळणार? मलाही कुठे कळलं होतं! आम्ही दोघी तिच्या घरी गेलो तर ती दारातच म्हणाली, ‘तुम्ही आता येऊ नका.’ पुढे दोन वर्षं ती गटात आली नाही.

मार नवऱ्याने दिला, ओहोटीने नाही आणि मीही नाही. हे मला कळतं. एमएसडब्ल्यूच्या वर्गात आम्हाला हेच शिकवलं, आणि ते बरोबरच आहे. पण तिच्या घरात ‘रविवारी रात्री’ हा शब्द तिने माझ्या भरवशावर दिला होता. ज्या बाईला उशीर परवडतो, तिच्यासाठी चुकलेली गाडी म्हणजे चुकलेली गाडी. मला परवडतो. मी घरी फोन केला, ‘उद्या येते,’ आणि विषय संपला. वेळापत्रक आखणारी मी आणि त्याची किंमत मोजणारी ती.

आता ओहोटीचं. त्या दिवशी धक्क्यावर एक कोळीण मावशी टोपली घेऊन बसल्या होत्या. आमची धावपळ बघून त्यांनी विचारलं, ‘पुनवेच्या दिवशी संध्याकाळी कशाला निघालात गं?’ मग त्यांनी हिशेब सांगितला, तो कोकणात सगळ्यांना ठाऊक असतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरती दुपारच्या आधी, आणि सहा तासांनी, साडेपाचच्या आसपास, पाणी अगदी खाली. अमावास्येलाही तसंच. शिवाय पुनव-अमावास्येला उधाण, पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. उधाणाला या किनाऱ्यावर पातळीत चार मीटरपेक्षा जास्त फरक पडू शकतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा फरक कमी. मोरा बंदरात गाळ साचतो, त्यामुळे मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागूच शकत नाही आणि फेऱ्या काही तास बंद राहतात. हा हिशेब ढोबळ आहे, भरती-ओहोटीचं छापील कोष्टक मिळतं तेच शेवटी पाहायचं. पण मला गंमत वाटली. तिथी बघणं आपण चळवळीतल्या बायकांनी कधीच सोडलेलं, आणि आमचं वाटोळं झालं ते तिथी न बघितल्यामुळे!

म्हणून पहिली सूचना अशी. संयोजक गटाला आपण लेखी कळवायचं की अधिवेशनाची तारीख पक्की करण्याआधी भरती-ओहोटी पाहा. अष्टमीच्या जवळचा शनिवार-रविवार घ्या. पावसाळा तर नकोच. वादळाचा बावटा लागला की लाँच बंद होते, आणि आपल्या साठ जणी मुंबईत उघड्यावर.

त्याच पत्रात दुसरंही लिहू. आपल्याकडे दिंडोरी-निफाडला बागांची कामं ऑक्टोबर छाटणीपासून सुरू होतात ती द्राक्ष उतरेपर्यंत. त्या काळात दोन दिवस म्हणजे दोन रोज बुडणार. मागच्या बैठकीत एक मैत्रीण म्हणाली, चळवळीत यायचे पैसे द्यायचे का? चळवळीत यायचे पैसे नाहीत, बुडालेल्या रोजाचे आहेत. पगारी रजा टाकून येणाऱ्या आपण जेवढ्या आहोत त्यांनी मनाशी विचारून पाहावं की आपल्याला तरी कोण पैसे देतं. मालकच ना? वर्गणीतून रोजासाठी वेगळा निधी काढावा असं माझं म्हणणं आहे. यावर मतभेद असतील तर आजच बोलू.

भीतीविषयीही बोललं पाहिजे. ‘लाँच बुडाली तर?’ असं कुणी विचारलं की आपण हसतो. हसू नका. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरूनच रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसं बुडाली. गटारी अमावास्येचा दिवस, घरी निघालेली माणसं. कोकणात अजून ती गोष्ट सांगतात. आणि अगदी अलीकडे, १८ डिसेंबर २०२४ ला, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, त्यात पंधरा जण गेले. बोटीवर परवान्यापेक्षा जास्त माणसं होती. त्यानंतर लाइफ जॅकेट घालणं सक्तीचं झालं. सक्तीचं झालं म्हणजे सगळीकडे घातलं जातं असं नाही, हे तुम्हाला रेशन दुकानावरून माहीत आहे.

तेव्हा आपल्या तुकडीत एकीने फक्त हेच काम करायचं. बोटीवर किती प्रवासी न्यायचे ते लिहिलेलं असतं, ते वाचायचं, आणि गर्दी दिसली तर सरळ म्हणायचं, आम्ही पुढच्या लाँचने येतो. जॅकेट मागून घ्यायचं आणि बांधून घ्यायचं. नऊवारीवर ते कसं बांधायचं, पदर आत की बाहेर, हे आधी इथे करून बघू. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट चालत नाही, ते वर सटकतं. मुलांच्या मापाचं आहे का ते आधी विचारायचं, नसेल तर मुलं असलेल्या बायकांनी रेल्वेने जायचं. जिला पाण्याची भीती आहे तिच्यावर धीट होण्याची सक्ती नको. तिचंही रेल्वेचं तिकीट काढू.

हो, रेल्वे. १२ जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते, आणि त्यामुळे आपला सगळा हिशेब बदलला आहे. काही जणींचं म्हणणं पडलं की मग लाँचचं खूळ कशाला? माझं मत वेगळं आहे. जाताना लाँचने जाऊ, येताना लोकलने येऊ. जाताना लाँच दोन तास उशिरा निघाली तर उद्घाटनाचं एखादं भाषण चुकेल, आणि एखादं भाषण चुकलं तर फार बिघडत नाही, हे मी भाषण करतानाच म्हणते आहे. येतानाचा उशीर घरात जाऊन पडतो. म्हणून परतीचा मार्ग असा हवा की एक गाडी चुकली तर मागून दुसरी आहे. उरणहून नेरूळ, नेरूळहून ठाणे, ठाण्याहून कल्याण, आणि कल्याणला नाशिकची गाडी. मुंबईपर्यंत जायचं कारणच नाही. आरक्षण करताना गाडीत चढण्याचं स्टेशन कल्याण लिहायचं. एकच काळजी, रविवारी मेगाब्लॉक असतो. शनिवारी तो तपासायचा. ते काम मी घेते. माझ्यावर सोडा, पण विचारत राहा.

आपल्यातली पोलिओ झालेली मैत्रीण आज आली आहे, तिच्या परवानगीने सांगते. त्या वेळी मोरा बंदरावर पाणी खाली गेलेलं, लाँच पायऱ्यांच्या खाली, पायऱ्यांवर शेवाळ. दोघा खलाशांनी तिला उचलून आत ठेवलं. तिला कुणी विचारलं नाही, मीही नाही. ती नंतर म्हणाली, ‘सामानासारखं.’ भरती असताना लाँच वर येते, फरक कमी होतो. भरतीची वेळ तिच्यासाठीही पाहायची. यंदा ती लाँचनेच येणार आहे, हा तिचा हट्ट आहे, आणि कुणाचा हात कुठे धरायचा ते ती सांगेल.

लघवीचं राहिलं. बायका नाशिकरोडपासून पाणी पीत नाहीत, लाँचवर सोय नसते, धक्क्यावर जी असते तिथे पाय ठेववत नाही. मुंबईत २०११ पासून बायकांच्या संघटनांनी ‘राइट टू पी’ची मोहीम चालवली, आणि आपण आपल्याच बायकांना तहानेलं नेतो! सीएसएमटीला उतरल्यावर अर्धा तास फक्त यासाठी ठेवला आहे. सुट्ट्या पैशांची पिशवी माझ्याकडे असेल. ज्यांची पाळी असेल त्यांच्यासाठीही तोच अर्धा तास.

आपल्या जिल्ह्यात १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं, लाखावर बायका आल्या असं म्हणतात. शेतकरी संघटनेशी आपले मतभेद होते, आहेत. पण मी त्या अधिवेशनाविषयी कुणी जुनं माणूस भेटलं की एकच विचारते. ठराव नंतर वाचता येतात. मी विचारते, तुम्ही आलात कशा, पोरं कुणाकडे ठेवली, म्हशीची धार कुणी काढली?

आता कागद फिरवते आहे. नावापुढे तीन रकाने आहेत. जाताना लाँच की रेल्वे. बरोबर मूल आहे का. आणि घरी किती वाजता पोचायलाच हवं. तिसऱ्या रकान्यात लाजून ‘केव्हाही’ लिहू नका. ज्यांच्या घरी निरोप द्यायला दुसरी कुणी बाई जायला हवी असेल त्यांनी रकान्यात फुली करा, कारण सांगायची गरज नाही. गाडीला उशीर झाला तर त्या घरी त्याच रात्री माणूस जाईल, इथे मागे राहणाऱ्या चौघींनी ती जबाबदारी घेतली आहे.

त्या वस्तीतल्या ताईचं नाव यादीत आहे. गेल्या आठवड्यात ती स्वतः आली, म्हणाली, येते. नाव लिहिलं आणि पुढे माझ्याच पेनाने लिहून गेली, ‘रात्री नऊच्या आत’. उरणहून दोनला निघालो तर नऊला नाशिकरोड गाठणंसुद्धा अवघड आहे, मी तीनदा मांडून पाहिलं. समारोप सकाळी घ्यावा लागेल, नाहीतर पंधरावीस जणींना समारोपाआधी निघावं लागेल. संयोजकांशी हे बोलायला कोण येतंय माझ्याबरोबर?