लिहिलेले आणि शिकलेले



इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात काही प्राध्यापकांनी आपल्याच परीक्षा पद्धतीची परीक्षा घेतली. मानसशास्त्राच्या पदवी वर्गात त्यांनी ३३ काल्पनिक विद्यार्थी घुसवले, त्यांची घरून लिहायची उत्तरे जीपीटी-४ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून लिहून घेतली आणि बाकीच्या गठ्ठ्यात मिसळून दिली. तपासणाऱ्यांना याची कल्पना नव्हती. ९४ टक्के उत्तरांविषयी कोणालाही शंका आली नाही, आणि त्यांना मिळालेले गुण खऱ्या विद्यार्थ्यांच्या सरासरीपेक्षा जास्त होते. खरी मुले पुढे राहिली ती अंतिम वर्षाच्या एका विषयात. हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

यंत्र किती हुशार आहे, याचीच चर्चा त्यानंतर जास्त झाली. खरे तर चर्चा व्हायला हवी होती ती पुराव्याची. विद्यार्थ्याने आणून दिलेला मजकूर म्हणजे त्याच्या शिकण्याचा पुरावा, हे गृहीतक किती पोकळ आहे ते या प्रयोगाने दाखवले. महाराष्ट्रात ते आधीपासूनच पोकळ होते. अभियांत्रिकीच्या वसतिगृहांत सबमिशनच्या आदल्या रात्री एकाच फाईलवरून किती जर्नले उतरतात, हे या सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शाळांचे प्रकल्प पालक करतात, तयार प्रकल्प दुकानात विकत मिळतात. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आले आणि अशा उतरवण्याला झेरॉक्सच्या दुकानाचीही गरज उरली नाही.

पहिली प्रतिक्रिया बंदीची होती. न्यूयॉर्क शहराच्या शाळांनी जानेवारी २०२३ मध्ये बंदी घातली आणि मे महिन्यात ती उठवली. दुसरी प्रतिक्रिया चोर पकडण्याची. ती अधिक काळजी करण्यासारखी आहे, कारण तिच्यामुळे निरपराध मुलांचे नुकसान होते.

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःच यंत्राचे लेखन ओळखणारे साधन काढले होते. कंपनीच्या चाचणीत त्याने यंत्राचे जेमतेम २६ टक्के मजकूर ओळखले आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरांवर यंत्राचा शिक्का मारला. जुलै २०२३ मध्ये ते गुपचूप मागे घेतले गेले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी या साधनांना दिले. सरासरीने ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले. अमेरिकी आठवीतल्या मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळेच बरोबर ओळखले गेले. पुढचा शब्द कितपत अंदाज करता येण्याजोगा आहे, हे ही साधने मोजतात. ज्याचा शब्दसाठा मर्यादित, त्याची वाक्ये सरळ, परिचित शब्दांची होतात आणि नेमकी तीच संशयास्पद ठरतात.

मराठी माध्यमातून बारावी होऊन पहिल्यांदाच इंग्रजीत प्रबंध लिहिणारी साताऱ्याची किंवा नांदेडची मुलगी असेच लिहिते. तिच्या साध्या, प्रामाणिक इंग्रजीवर एखाद्या सॉफ्टवेअरचा आकडा बघून कॉपीचा ठपका ठेवला, तर तिने आपला खरेपणा सिद्ध कसा करायचा? शिक्षकांच्या या संमेलनाने एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगावी: केवळ अशा आकड्यावर कोणत्याही विद्यार्थ्यावर कारवाई होता कामा नये.

मग शिकणे तपासायचे कसे? तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेतला प्रयोग इथे बारकाईने पाहायला हवा. सुमारे हजार विद्यार्थ्यांना गणिताचा सराव दिला. एका गटाला जीपीटी-४ जसेच्या तसे मिळाले. दुसऱ्या गटाला शिक्षकांच्या मदतीने बांधलेले रूप मिळाले. ते उत्तर सांगत नसे, पुढची पायरी सुचवत असे. तिसऱ्या गटाकडे नेहमीचे पुस्तक आणि वही. सरावात पहिला गट तिसऱ्यापेक्षा ४८ टक्क्यांनी पुढे गेला, दुसरा १२७ टक्क्यांनी. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली. पहिला गट वहीवाल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडला. दुसरा गट त्यांच्या बरोबरीला राहिला, पुढे गेला नाही. सरावाच्या वह्या तेवढ्या तपासल्या असत्या, तर पहिल्या गटाला आपण शाबासकी दिली असती.

सिडनी विद्यापीठाने २०२५ पासून मूल्यमापनाचे दोन मार्ग केले आहेत. एकात विद्यार्थी समोर बसून, देखरेखीखाली, बोलून किंवा लिहून आपले आकलन दाखवतो. दुसऱ्यात यंत्र मोकळेपणाने वापरू दिले जाते. ही विभागणी प्रामाणिक आहे. जिथे लक्ष ठेवणे शक्य नाही, तिथे बंदीचा फलक लावण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे समोर बसवून विचारण्याची सोय आहे, तिला आपण तोंडी परीक्षा म्हणतो. पण तिचे काय करून ठेवले, तेही आठवावे. दहावीच्या भाषा विषयांचे तोंडीचे गुण २०१९ मध्ये बंद झाले. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता. राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला, ओरड झाली आणि पुढच्या वर्षी ते गुण परतले. तोंडीचे वीस गुण मुलाला काय येते हे पाहण्यासाठी कमी आणि त्याला तारून नेण्यासाठी जास्त, अशी सवय समाजाला लागली आहे. ती शिक्षकांनीही लावली आहे. यंत्राच्या काळात हेच वीस गुण सर्वांत मोलाचे ठरू शकतात, पण त्यासाठी ते खरोखर विचारून द्यावे लागतील.

विचारायला वेळ लागतो. साठ मुलांच्या तुकडीत प्रत्येकाला दहा मिनिटे दिली, तर एका विषयाला दहा तास. शिक्षकाकडे पाच तुकड्या असतील, तर पन्नास तास. महाविद्यालयांत रिकाम्या जागांवर तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक काम करतात. त्यांना पैसे मिळतात ते शिकवलेल्या तासांचे. विद्यार्थ्याशी प्रकल्पावर दहा मिनिटे बोलण्याचा मोबदला त्यांनी कुठे मागायचा? म्हणून उद्या समारोपाच्या सत्रात मूल्यमापनाचा ठराव मांडला जाईल, तेव्हा त्यात सॉफ्टवेअर खरेदीचे कलम नको. रिक्त पदे भरण्याची मुदत, तोंडी मूल्यमापनाचे तास कार्यभारात धरण्याची मागणी आणि तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांना त्या तासांचे मानधन, ही तीन कलमे हवीत आणि ती शासनाला लेखी पाठवायला हवीत.