झाडाच्या आतले राखणदार



केळ्याची फणी घरी आली की आपण शहरवासी तिची बाग विसरतो. परंतु त्या बागेवर एक संकट आहे. बाजारातल्या केळ्यात बी नसते. झाडे मुनव्यांपासून किंवा प्रयोगशाळेतील ऊतिसंवर्धनाने होतात; म्हणून एका जातीची सगळी झाडे जवळजवळ एकसारखी. एकाला मारणारा रोग सर्वांना मारू शकतो. ‘ग्रो मिशेल’ ही जात पनामा रोगाने १९५० ते १९७० या काळात जागतिक व्यापारातून उठली. तिच्या जागी ‘कॅव्हेंडिश’ आली. आता तिलाही मारणारा त्याच रोगाचा नवा प्रकार बिहार व उत्तर प्रदेशात आढळल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झाले. जळगावच्या बागाही मुख्यतः कॅव्हेंडिशच्याच.

हा रोग करणारी फ्युझेरियम बुरशी मुळांतून शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नलिका बंद पाडते. पाने पिवळी पडतात, झाड उभ्याउभ्या वाळते. तिचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतात. लागण झालेले झाड बरे करील असे औषध नाही.

मग उपाय कुठे शोधावा? झाडाच्या आतच.

निरोगी झाड आतून निर्जंतुक असते, हा समज खरा नाही. झाडात राहणाऱ्या अशा जीवांना शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८६६ मध्ये नाव दिले. आपण त्यांना अंतर्वासी म्हणू. मुळांत, कंदात, खोडात अनेक बुरश्या व जिवाणू झाडाला इजा न करता नांदतात.

ते राखण कशी करतात, हे आपल्या गृहिणींना वेगळे सांगायला नको. तापवलेले दूध उघडे ठेवले, तर जो जंतू पडेल तो ते नासवतो. विरजण लावले, की चांगले जंतू अन्न व जागा व्यापतात, आंबटपणा निर्माण करतात आणि दुसऱ्यांस थारा देत नाहीत. अंतर्वासीही जागा अडवतात, काही जण रोगजंतूला मारक द्रव्ये सोडतात. शिवाय ते झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतात, हे विरजणाच्याही पलीकडचे.

येथेच मौज आहे. ऊतिसंवर्धनाचे रोप रोगमुक्त असते, हा त्याचा मोठा गुण. पण त्या स्वच्छतेत त्याचे बरेचसे सोबतीही जातात. ते तापवलेल्या दुधासारखे होते! युगांडात केळीच्या निरोगी मुळांतून घेतलेली, रोग न करणारी फ्युझेरियम अशा रोपांस देऊन पाहण्यात आली, तेव्हा मुळे पोखरणाऱ्या सूत्रकृमींचा उपद्रव कमी झाला. ज्या कुळात मारेकरी, त्याच कुळात राखणदार!

परंतु हा रामबाण नव्हे. कुंडीत यशस्वी ठरलेला जीव शेतात तितकाच चालेल असे नाही. माती, हवा, जात यांप्रमाणे फळ बदलते. आणि विरजण नासलेल्या दुधाला लावून उपयोग नाही. ते आधी लावावे लागते. म्हणून रोप रोपवाटिकेत असतानाच हे सोबती द्यावेत, आमच्या मातीत त्यांची परीक्षा व्हावी, आणि रोगट बागेतील माती व मुनवे दुसरीकडे नेऊ नयेत.

शत्रूचा नायनाट एवढीच रोगनिवारणाची व्याख्या आम्ही करीत आलो. मित्रांची वस्ती राखणे हाही तिचा अर्धा भाग आहे.