वारीत उतरलेलं वजन शिमग्याला परत का येतं?
(शताब्दी सोहळ्यात दिंडीकऱ्यांसमोर केलेलं भाषण)



महाराजांचं कीर्तन ऐकून तुमचं मन भरलेलं असताना आम्ही पोटाविषयी बोलायला उभं राहणं जरा विचित्रच आहे. पण समितीचा आग्रह झाला, "तुम्ही वजनाचं जे केलंत ते सगळ्यांना सांगा." म्हणून उभे आहोत. बोलणारा एक असला तरी हे आम्हां आठ जणांचं म्हणणं आहे. आमच्यात डॉक्टर कुणी नाही. शेतकरी आहेत, एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर आहेत, दोन अंगणवाडीताई आहेत.

चार वर्षांपूर्वीची माघी वारी आठवा. आषाढात आपल्याकडे लावणी असते, म्हणून आपली दिंडी माघात निघते. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा असे मुक्काम झाले आणि आंबा घाटाच्या पायथ्याशी आपल्या विणेकरीबुवांनी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात दिली. वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून दिली, आणि स्वतः सामानाच्या ट्रकात जाऊन बसले. वय बावन्न, वजन ९४ किलो, साखर वाढलेली, दोन्ही गुडघे सुजलेले. ट्रकात तोंड फिरवून रडत होते. त्या वर्षी घाटाला ट्रकात बसणारे आपले एकोणीस जण होते. पूर्वी त्या ट्रकात फक्त टाळ-मृदंग, पातेली आणि ताडपत्र्या असायच्या.

त्या रात्री आम्ही काही जण बसलो. पहिला प्रश्न हाच निघाला की दरवर्षी एवढं चालतो, तरी ही पोटं कुठून येतात?

म्हणून पुढच्या वर्षी निघताना आणि परत आल्यावर वजन करून पाहिलं. बहुतेकांचं दोन-तीन किलो उतरलं होतं. शिमग्याची पालखी घरी आली तोवर ते सगळं परत जागेवर! आणि तिघांचं तर वारीतच वाढलं होतं. हसू नका, खरं आहे. वाटेत गावोगावी लोक प्रेमानं शिरा, जिलबी, भजी वाढतात, आणि माउलींना नाही कसं म्हणायचं? शिवाय चहा. आम्ही मोजलं, दिवसाला दहा कप. कपाला दोन चमचे साखर धरली तर वीस चमचे, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम. महिनाभर असंच चाललं तर माणशी ३ किलो साखर निव्वळ चहातून.

परत का येतं, ते आम्हाला आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी समजावलं. वजन उतरलं की शरीराला वाटतं दुष्काळ पडला. मग ते खर्च कमी करतं आणि भूक वाढवतं. हलक्या शरीराला अन्नही कमी लागतं, पण ताट तर पूर्वीचंच. म्हणजे वजन परत येतं हा काही आपल्या पापाचा भाग नाही, शरीराचा धर्मच तो. तेरा दिवस चालून त्याला फसवता येत नाही. उरलेले साडेतीनशे दिवस घरी काय करतो, त्यावर सगळं आहे. वारकऱ्याला हे समजायला जड नाही. वर्षातून एकदा पंढरीला गेलो म्हणून रोजचा हरिपाठ सुटतो का?

सुरुवात आम्ही डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीने केली. दिवसात दोनच वेळा जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, मध्ये गोड चहासुद्धा नाही, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा, तो दीक्षितांनी गावोगाव पोचवला. आमच्यातल्या तिघांना ते चांगलं मानवलं आणि आजही चालू आहे. बाकीच्यांना जमलं नाही. भाताच्या कापणीत सकाळी सातला शेतात उतरणाऱ्याला दुपारपर्यंत उपाशी राहणं कसं झेपणार? दुसरे तज्ज्ञ तर थोडं थोडं चारदा खा म्हणतात. यावर भांडत बसण्यात आम्हाला रस नाही. आम्हाला एवढंच दिसलं की जो नेम दहा वर्षं चालेल असं वाटतं, तोच आपला. मात्र मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाची वेळ चुकवू नये. साखर एकदम उतरून आमच्यातला एक जण बांधावर चक्कर येऊन पडला होता.

आता ताटाचं सांगतो, कारण खरी मेख तिथे आहे. माळ घातली की मासळी सुटते. चांगलंच आहे. पण मासळीच्या जागी आपण काय घेतलं? भात. ताटात पूर्वी बांगडा होता तिथे भाताचा दुसरा डोंगर आला. मासळीतून मिळणारी प्रथिनं गेली, आणि प्रथिनं कमी पडली की भूक लवकर लागते. कुळीथ आपल्याच सड्यावर पिकतो, त्यात १०० ग्रॅमला २०-२२ ग्रॅम प्रथिनं असतात. आम्ही कुळथाची पिठी, चवळी, पावटा, ताक रोजच्या ताटात आणलं आणि भात एका वाटीवर. रात्री नाचणीची भाकरी. उपाशी असं कुणीच राहिलं नाही.

एकादशीबद्दल बोललो तर राग मानू नका. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यावर तूप, बटाटा, शेंगदाण्याचं कूट, वर केळी आणि बटाट्याचे वेफर्स. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हे आपल्याच आज्या म्हणायच्या. आम्ही आता वरी, राजगिरा, फळ आणि ताक यांवर भागवतो, आणि द्वादशीला पारणं फेडताना सूड उगवत नाही.

बायकांचं वेगळं आहे, ते अंगणवाडीताईंनीच मांडलं. घरातली बाई सगळ्यांचं झाल्यावर, रात्री उशिरा, पातेल्यात उरलेलं संपवते. टाकवत नाही म्हणून दोन घास जास्त. यावर उपदेश करून काही होत नाही, तांदूळच कमी शिजवायला हवेत आणि सगळ्यांनी एकत्र बसायला हवं. पुरुषांनो, हे तुमच्याकडे बघून म्हणतोय.

चालण्याचंही तसंच. आमच्या लहानपणी बावीवरून पाणी आणायचं, पाखाडी चढून स्टँडवर जायचं, दळणाला सडा ओलांडायचा. आता नळ आला, वाडीत रस्ता आला, दुकानात नारळ आणायलाही दुचाकी. सोय नको असं कोण म्हणेल? पण गेलेलं चालणं कुठूनतरी परत आणावंच लागतं. आम्ही पहाटे काकड्यानंतर तासभर चालतो, पावसाळ्यात देवळाच्या सभामंडपात फेऱ्या मारतो. नुसत्या चालण्याने मात्र वजन फारसं उतरत नाही. तासभर चालून जे खर्च होतं ते एका वडापावात जवळजवळ भरून निघतं. उतरतं ते ताटामुळे. चालण्याने ते उतरलेलं टिकतं.

अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची एक नोंदवही ठेवली आहे, ज्यांनी साडेतेरा किलोहून जास्त वजन उतरवून निदान वर्षभर टिकवलं. हजारो लोक आहेत तीत. त्यांच्यात सारखं काय दिसलं? बहुतेक जण रोज सुमारे तासभर व्यायाम करतात, तोही जास्त करून चालणंच, आणि आठवड्यातून निदान एकदा काट्यावर उभे राहतात. आम्ही हे ऐकलं आणि वर्गणी काढून काटा घेतला.

आता विणेकरीबुवांचं. त्यांची परवानगी घेतली आहे, ते समोरच बसलेत. दीड वर्षात ९४ वरून ८३ वर आले. एक किलो उतरला की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो. म्हणजे अकरा किलोंचे किती झाले ते तुम्हीच मोजा. गेल्या गणपतीत चाकरमानी आले, मोदक झाले, तीन किलो परत चढले. पूर्वी असं झालं की "गेलं सगळं" म्हणून सोडून द्यायचे. या वेळी सोमवारी काट्यावर आकडा दिसला आणि दिवाळीपर्यंत दोन किलो उतरवलेही. एक अजून आहे. डॉक्टरांनी त्यांची एक गोळी कमी केली. यंदा आंबा घाट त्यांनी दोन ठिकाणी बसून, पण पायी चढला, वीणा गळ्यात ठेवून.

आम्ही अकरा जण निघालो होतो, तिघे मध्येच थांबले. त्यांना कुणी नावं ठेवू नयेत, तेही पुन्हा येतील.

काटा देवळात मृदंगाच्या कपाटाशेजारी ठेवला आहे. दर सोमवारी हरिपाठ झाल्यावर वही निघते. ज्याचा आकडा त्यानेच लिहायचा, मोठ्याने वाचायचा नाही. नवीन कुणाला यायचं असेल त्याने चपला बाहेर काढून यावं, त्या अर्ध्या किलोच्या भरतात.

राम कृष्ण हरी.