डोंगरवाटेवरची पहिली सफर : आखणी आणि मर्यादा

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



अमेरिकेच्या पूर्व भागात ॲपलेशियन नावाची अतिप्राचीन पर्वतरांग आहे. तिच्या कुशीत वेस्ट व्हर्जिनिया हे राज्य वसले आहे. या राज्याच्या दक्षिणेकडील डोंगर फार उंच नाहीत. परंतु ते एकमेकांना इतके बिलगून उभे आहेत की, सपाट जमीन म्हणून जी सापडते ती केवळ ओढ्याकाठची चिंचोळी पट्टी. त्या पट्टीतच लोहमार्ग, रस्ता, घरे आणि शाळा. डोंगराच्या पोटात मात्र दगडी कोळशाचे थर. विसाव्या शतकाच्या मध्यास या राज्यातील खाणींत सव्वा लाखाच्या आसपास कामगार काम करीत होते. पुढे यंत्रे आली, कोळशाची मागणी घटली आणि एकामागून एक खाणी बंद पडत गेल्या. मॅकडॉवेल काउंटी, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा एक घटक, तिची लोकसंख्या १९५० च्या जनगणनेत सुमारे ९९ हजार होती. २०२० च्या जनगणनेत ती सुमारे १९ हजारांवर आली. सत्तर वर्षांत पाचांपैकी चार माणसे कमी झाली.

अशा या ओस पडत चाललेल्या मुलखात आज दूरदूरच्या राज्यांतून लोक येतात, ते चार चाकांच्या एका आडदांड वाहनावर बसून डोंगरवाटा तुडविण्यासाठी. या वाहनास ऑल टेरेन व्हेइकल, संक्षेपाने ए.टी.व्ही., असे म्हणतात. कोणत्याही भूभागावरून जाणारे वाहन असा त्याचा अर्थ. हा विषय सकृद्दर्शनी केवळ मौजेचा वाटेल. परंतु नवख्या माणसाने अशा सफरीची आखणी कशी करावी, याचा विचार करू लागले की लक्षात येते, ही सारी आखणी मर्यादांची आहे. वाहनाची मर्यादा, स्वाराची मर्यादा, दिवसाच्या उजेडाची मर्यादा आणि ज्या जमिनीवरून जावयाचे तिच्या धन्याने घातलेली मर्यादा. या चार मर्यादा ज्याने घरूनच ओळखल्या, त्याची सफर सुखरूप पार पडते.

वाट कोणाच्या मालकीची?

वेस्ट व्हर्जिनियातील या वाटा हॅटफील्ड-मॅकॉय या नावाने ओळखल्या जातात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टग फोर्क नदीच्या दोन तीरांवरील या दोन घराण्यांत रक्तरंजित वैर माजले होते. वैराची ही नावे आज सहकार्याच्या एका योजनेस लाभली आहेत, हा काळाचा महिमाच म्हटला पाहिजे. राज्याच्या विधिमंडळाने १९९६ साली कायदा करून एक प्रादेशिक प्राधिकरण स्थापन केले आणि २००० साली पहिल्या वाटा खुल्या झाल्या. आज त्यांची एकूण लांबी १,००० मैलांहून, म्हणजे १,६०० किलोमीटरांहून अधिक आहे.

या वाटांखालची बहुतेक जमीन सरकारी नाही. ती कोळसा, लाकूड व भूसंपत्ती यांच्या खाजगी कंपन्यांची आहे. कोणाचा अपघात झाला तर आपल्यावर दावा येईल, ही जमीनमालकांची रास्त भीती होती. कायद्याने त्यांचे उत्तरदायित्व मर्यादित केले, प्राधिकरणाने त्यांच्याशी करार केले आणि वाटांची आखणी, खुणा, देखभाल व राखण आपल्या शिरावर घेतली. प्राधिकरणाच्या मंडळावर प्रत्येक सहभागी काउंटीने नेमलेले सभासद असतात आणि त्यांत जमीनमालकांच्या प्रतिनिधींनाही स्थान असते. वाटेवर येणाऱ्या प्रत्येक स्वाराने शुल्क भरून परवाना घ्यावयाचा, असा नियम आहे.

तेव्हा नवख्या स्वाराच्या आखणीतील पहिले काम म्हणजे परवाना आणि नकाशा मिळविणे. खुणेची वाट सोडून आडरानात शिरणे म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत विनापरवाना घुसणे होय. त्या डोंगरांत जुन्या, सोडून दिलेल्या खाणींची तोंडेही आहेत. आतील छत कधी कोसळेल याचा नेम नसतो आणि हवा विषारी असू शकते. अशा तोंडाशी जाऊन कुतूहल भागविणे जिवावर बेतते.

वाहनाची ओळख

तीन चाकांचे असे वाहन होंडा कंपनीने १९७० साली अमेरिकेच्या बाजारात आणले. १९८० च्या दशकाच्या आरंभी चार चाकांची वाहने आली. तीन चाकी वाहन वळणावर सहज कलंडे. अपघात फार वाढले. अखेरीस १९८८ साली उत्पादक व अमेरिकी शासन यांच्यात न्यायालयामार्फत तडजोड होऊन नव्या तीन चाकी वाहनांची विक्री थांबली.

चार चाकी वाहनही निर्धोक नाही. त्याचे वजन साधारणपणे अडीचशे ते साडेतीनशे किलो असते. ते उंच आणि आखूड असल्यामुळे त्याचा तोल बराचसा स्वाराच्या शरीराच्या हालचालीवर अवलंबून असतो. चढावर पुढे झुकावे, उतारावर मागे सरकावे, वळणावर आतल्या अंगास कलावे, हे घोडेस्वारासारखे तंत्र आहे. एका माणसासाठी बनविलेल्या वाहनावर दुसरा मनुष्य मागे बसला की स्वारास ही हालचाल करता येत नाही. म्हणून उत्पादकाने दोघांसाठी बनविलेले वाहन नसेल तर मागे कोणासही बसवू नये, असा तेथील नियम आहे. चाकांत हवाही अगदी कमी, साधारणपणे दर चौरस इंचास चार ते सात पौंड असते. मोटारीच्या चाकात ती तीस पौंडांच्या घरात असते. मऊ चाक खडकावर व चिखलात पकड घेते, पण डांबरी रस्त्यावर तेच वाहन बेभरवशाचे ठरते. म्हणून जेथे रस्त्यावरून जाण्यास मुभा आहे, तेथेही वेग अगदी कमी ठेवावा लागतो.

अमेरिकेत अशा व यासारख्या आडरानी वाहनांच्या अपघातांत दर वर्षी सातशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडतात आणि सुमारे एक लाख माणसांना रुग्णालयात तातडीचे उपचार घ्यावे लागतात. या बळींत मुलांचाही समावेश असतो, ही गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी. सोळा वर्षांखालील मुलाच्या हाती प्रौढांचे वाहन देऊ नये, असा तेथील सुरक्षा यंत्रणांचा स्पष्ट इशारा आहे. मुलगा हट्ट करतो, बाप कौतुकाने किल्ली देतो आणि तीनशे किलोंचे धूड उतारावर उलटते. मुलाच्या अंगी धाडस असते. ते यंत्र आवरण्याइतके वजन, हाताची पोच आणि निर्णयशक्ती अद्याप आलेली नसते.

वेळेचा हिशेब

नवखा माणूस नकाशावर बोट ठेवून अंतर मोजतो आणि मोटारीच्या वेगाने वेळ काढतो. येथेच हिशेब चुकतो. डोंगरवाटेवर पहिल्यांदा जाणाऱ्या गटाने ताशी पंधरा किलोमीटरांपेक्षा अधिक वेग गृहीत धरू नये. पन्नास किलोमीटरांची फेरी म्हटली तरी चालण्याचाच वेळ साडेतीन तास. त्यात विश्रांती, भोजन, चुकलेले वळण आणि रुतलेले एखादे वाहन मिळविले की पाच-सहा तास सहज जातात. नोव्हेंबर महिन्यात तेथे सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि खोल दऱ्यांत त्याआधीच अंधारते. म्हणून सकाळी निघण्यापूर्वीच परतण्याची घटका ठरवावी. दुपारी एक वाजता गट जेथे असेल तेथून मागे फिरावे. पुढचे शिखर कितीही जवळ दिसत असले, तरी त्या घटकेत बदल करू नये.

इंधनाचाही असाच हिशेब आहे. एक तृतीयांश जाण्यास, एक तृतीयांश येण्यास आणि एक तृतीयांश अडचणीसाठी राखीव. वाटांवर काठिण्याप्रमाणे रंगांच्या खुणा असतात. हिरवी खूण सोप्या वाटेची, निळी मध्यम, काळी बिकट. पहिला दिवस हिरव्या वाटेवरच काढावा. गटाची आखणी सर्वांत कुशल स्वाराकडे पाहून न करता सर्वांत दुर्बळ स्वाराकडे पाहून करावी. अनुभवी माणूस पुढे, नवखा त्याच्या लगेच मागे आणि दुसरा अनुभवी माणूस शेवटी असा क्रम असावा. प्रत्येक फाट्यावर पुढच्याने थांबावे आणि मागचा दृष्टीस पडल्याखेरीज निघू नये. एवढा एकच नियम पाळला, तरी गट विखुरत नाही.

तपासणी व साहित्य

निघण्यापूर्वी वाहनाची तपासणी पाच भागांत करतात. प्रथम चाके व हवा. मग ब्रेक, थ्रॉटल व त्यांच्या तारा. मग दिवे व इंजिन बंद करण्याचा खटका. मग तेल व इंधन. शेवटी साखळी अथवा दांडा आणि सांगाड्याचे नटबोल्ट. वाहन भाड्याने घेतले असले तरी ही तपासणी दुसऱ्यावर सोडू नये.

अंगावर प्रमाणित हेल्मेट हवे; या वाटांवर ते सक्तीचे आहे. डोळ्यांना बंद चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, जाड विजार आणि घोट्याच्या वर येणारे बूट हवेत. सामानात पाणी, खाणे, प्रथमोपचाराची पेटी, हत्यारे, पंक्चर काढण्याचे साहित्य, हवा भरण्याचा पंप, ओढण्याचा पट्टा, विजेरी, पावसाळी अंगरखा आणि कागदी नकाशा असावा. तेथील दऱ्यांत मोबाइल फोनला बहुधा संपर्क मिळत नाही. म्हणून कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार, हे मुक्कामाच्या ठिकाणी एका जबाबदार माणसास लिहून द्यावे. ठरल्या वेळी गट आला नाही, तर ९११ या क्रमांकावर कोणी कळवावयाचे तेही ठरलेले असावे. शिकारीच्या हंगामात भडक नारिंगी जाकीट अवश्य घालावे. मद्यपानास तर पूर्ण बंदीच आहे.

चढ आणि उतार

चढाच्या पायथ्याशी थांबून वर काय आहे ते पाहावे. दिसत नसेल तर पायी चढून पाहावे. खालचा गिअर टाकून, पुढे झुकून, एका चालीने चढावे. मध्येच इंजिन बंद पडले तर वाहन मागे घसरू देऊ नये. ब्रेक लावावा, उभा ब्रेक ओढावा आणि चढाच्या अंगास उतरावे. उताराच्या अंगास उतरणारा मनुष्य उलटणाऱ्या वाहनाखाली सापडतो. उतरताना खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या रोधाने वेग आवरावा आणि ब्रेक हलकेच वापरावा. एखादा चढ आपल्या आवाक्याबाहेरचा वाटला तर मागे वळण्यात कमीपणा मानू नये. ज्या गटात “जमणार नाही” असे म्हणण्याची मुभा असते, तोच गट सुरक्षित असतो.

गावाचा वाटा

या वाटा गिल्बर्ट, मेटवॉन, विल्यमसन, ब्रॅमवेल अशा लहान गावांशी जोडलेल्या आहेत. स्वार वाटेवरून उतरून गावात येतो, इंधन घेतो, जेवतो, रात्रीचा मुक्काम करतो. खाण गेली, पण घर आहे, स्वयंपाक येतो, वाहन दुरुस्त करता येते, अशा माणसांना त्यातून कामधंदा मिळतो. खाणीने एके काळी दिलेला रोजगार या वाटा भरून देतील, असे कोणी म्हणणार नाही. तरीही बंद दारांच्या गावात काही दिवे पुन्हा लागले, ही गोष्ट लहान नाही.

मात्र हे सारे जमीनमालकाच्या संमतीवर उभे आहे. एखाद्या टोळक्याने वाट सोडून झऱ्यात वाहने घातली, उतारावरची माती उकरली, रात्री-अपरात्री गावात गोंगाट केला, तर संमती मागे घेण्याचा विचार मालकाच्या मनात येणारच. वाट बंद झाली तर टोळके दुसरीकडे जाईल. पण चार खोल्या भाड्याने देऊन घर चालविणारी बाई कोठे जाईल? नवख्या स्वाराने ध्यानी धरावयाची चौथी मर्यादा ती हीच.

डोंगराळ भागात पर्यटनाचा कोणताही नवा उपक्रम सुचविला गेला की पंचायतीने चार प्रश्न विचारावेत. जमीन कोणाची, वाट कोणी आखली, अपघाताची जबाबदारी कोणाची आणि मिळकतीतील वाटा गावास किती? वाहने आधी आली आणि नियम मागाहून आले, तर डोंगराची माती वाहून जाते आणि गावात कटुता तेवढी उरते. वेस्ट व्हर्जिनियात १९९६ साली कायदा झाला आणि पहिली वाट २००० साली खुली झाली. मधली चार वर्षे त्या राज्याने वाया घालविली, असे आज कोणी म्हणत नाही.