फॉर्म सातशेवरची सही
(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. मेकॅनिकल डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेला माणूस. दिवसभर फायली कन्नडमधून हलवायच्या आणि संध्याकाळी तुमच्यात येऊन मराठीत गप्पा मारायच्या, हा गेल्या वीस-बावीस वर्षांचा शिरस्ता. विषय मात्र मी मागून घेतला आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ विमानाला निरोप दिला गेला. आपल्यातल्या पुष्कळांनी तो टीव्हीवर पाहिला असेल. त्यानंतर आपल्या भागातल्या हवाई दलातून निवृत्त झालेल्या तिघांकडे मी अनेकदा जाऊन बसलो. आज सांगणार ते बरंचसं त्यांचं आहे. नावं सांगू नकोस म्हणाले, म्हणून सांगत नाही.

आपल्याकडे फौजी म्हटलं की मराठा लाइट इन्फन्ट्री. बेळगावात त्यांचं केंद्र, पलीकडे शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळीसारखं गाव. त्यामुळे घराघरात लष्कराचा माणूस असतो. हवाई दलाचा त्या मानाने कमी. खरं तर सांबऱ्याला हवाई दलाचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे. देशभरातून भरती झालेली पोरं तिथे पहिली कवायत शिकतात, आता अग्निवीरही येतात. पण आपण सांबऱ्याला जातो ते बेंगळूरचं विमान पकडायला.

मिग-२१ आपल्याकडे आलं १९६३ मध्ये. ध्वनीपेक्षा दुप्पट वेगाने जाणारं, एका इंजिनाचं, पंख अगदी आखूड. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सव्वासात मीटरसुद्धा नाहीत. आधी तयार विमानं रशियातून आली, मग आपण ती इथे बांधू लागलो. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना नाशिकजवळ ओझरला निघाला आणि त्या गावाला लोक ‘ओझर मिग’ म्हणू लागले. साडेसहाशेहून जास्त मिग-२१ आपल्याच देशात बांधली गेली. नाशिक, निफाड, सिन्नरकडच्या किती तरी आयटीआय झालेल्या पोरांचे संसार त्यावर उभे राहिले. इंजिनं यायची ओडिशातल्या कोरापुटहून.

तिघांपैकी एकजण निपाणीकडचे, इंजिन फिटर. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. घरचं तंबाखूचं शेत होतं, मॅट्रिक झाले आणि भरती झाले. प्रशिक्षण केंद्रात ट्रेड शिकले. ‘तिथं भाषेची गंमत,’ अण्णा सांगत होते. ‘घरात मराठी, बाजारात कन्नड, बराकीत हिंदी, पुस्तक इंग्रजी आणि विमानाच्या तबकडीवर रशियन अक्षरं. वेग नॉटमध्ये न्हाई, किलोमीटरमध्ये. उंची फुटात न्हाई, मीटरमध्ये. आधीच्या इंग्रजी विमानावरनं आलेला माणूस पहिले चार दिवस बोटावर हिशेब करायचा बघ.’

मी डिप्लोमावाला, त्यामुळे खोदून खोदून विचारत होतो. या विमानाचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, आपल्या एसटीसारखे. पण ते दाबायचे पायाने नाही, हातातल्या दांड्यावरच्या पट्टीने. धावपट्टीवर उतरताना वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. नुसत्या ब्रेकवर ते थांबत नाही, म्हणून शेपटीतून पॅराशूट उघडायचं. मग ते पॅराशूट धावपट्टीच्या टोकाशी टाकून विमान पुढे निघून जायचं. गाडी घेऊन जायचं, ते गोळा करायचं, झटकायचं, तपासायचं, घड्या घालून दाबून पुन्हा शेपटीत बसवायचं. दिवसातून जितकी उड्डाणं तितक्या वेळा. बातमीत विमान दिसतं, ही घडी घालणारे हात दिसत नाहीत.

तेलाची गोष्ट तशीच. आफ्टरबर्नर लावला की इंजिन इंधन अक्षरशः पितं. त्यामुळे एक उड्डाण बहुधा अर्ध्या-पाऊण तासाचं. विमान परत आलं की पुन्हा इंधन, हवा, ऑक्सिजन, तपासणी. राजस्थानात मे महिन्यात पत्र्याला हात लावला तर चटका बसतो आणि तपासणी तर हातानेच करायची. सकाळी सगळ्यांनी एका ओळीत धावपट्टीवरून चालत जायचं, खडा, खिळा, बोल्ट जे दिसेल ते उचलायचं. पुढच्या तोंडातून हवा ओढणारं इंजिन. एक खडा आत गेला तर पाती गेली. संध्याकाळी हत्यारं मोजायची. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान उडत नाही. आपल्या वर्कशॉपांत हा नियम लावला तर अर्धी वर्कशॉपं बंद पडतील, पण ते असो.

आणि या सगळ्याच्या शेवटी फॉर्म सातशे. विमानाची वही म्हणा. इंजिनवाल्याने इंजिनाची सही करायची, सांगाड्यावाल्याने सांगाड्याची, विजेवाल्याने विजेची, शस्त्रवाल्याने शस्त्रांची. मग वैमानिक येतो, वाचतो आणि सही करून विमान ताब्यात घेतो. चंडीगडच्या समारंभात हवाई दल प्रमुखांनी संरक्षणमंत्र्यांच्या हाती दिला तो हाच फॉर्म सातशे. टीव्हीवर ते पाहताना अण्णांनी चष्मा काढून पुसला, असं वहिनींनी मला सांगितलं. अण्णांनी नाही सांगितलं.

कारण त्या वहीची दुसरी बाजू आहे. राजस्थानातल्या एका तळावर अण्णांनी सही केलेलं विमान परत आलं नाही. ‘गेलेल्या विमानाची वाट बघायची एक वेळ असते,’ ते म्हणाले. ‘तेल किती भरलंय ते आपल्याला म्हाईत. घड्याळ बघायचं. तेल संपायची वेळ गेली की समजतं.’ अशा वेळी पहिली गोष्ट होते ती म्हणजे कागद जप्त होतात. आपली सही असलेलं पान कुणीतरी उचलून नेतं आणि आपण बराकीत बसून आठवत राहतो, तो नट आवळला होता ना, ती पिन घातली होती ना. चौकशीत इंजिनाचा दोष निघाला नाही, पक्षी धडकल्याचं ठरलं. अण्णा तेव्हा पंचविशीत होते, तो वैमानिक त्यांच्यापेक्षा लहान.

म्हणून ‘उडती शवपेटी’ हा शब्द काढला की अण्णा उठून आत जातात.

पण मंडळी, आकडे तर आकडे आहेत. २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं की मिग जातीच्या ८७२ विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली आणि १७१ वैमानिक गेले. १७ सप्टेंबर २००१ रोजी सुरतगडहून रात्री उडालेले फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ त्यातलेच एक. मुंबईचं मराठी घर. दोष वैमानिकावर टाकला गेला तो त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी मान्य केला नाही. पत्रं लिहिली, प्रश्न विचारले, मुलाच्या नावाने हवाई सुरक्षेसाठी संस्था काढली. त्या आईला आपण काय सांगणार, की फॉर्म सातशेवर सगळ्या सह्या होत्या?

हे मी तिघांमधल्या वैमानिकांना विचारलं. मिगवर त्यांनी बरीच वर्षं काढली आहेत. ते म्हणाले, विमान वाईट नव्हतं, कडक होतं. नाक वर करून वेगात उतरायचं, पुढचं धड दिसत नाही, इंजिन बंद पडलं तर ते दगडासारखं खाली येतं. असं विमान द्यायचं कुणाला, तर कालपर्यंत सावकाश चालणारं शिकाऊ विमान उडवणाऱ्या पोराला. मधली पायरीच नव्हती. एअर मार्शल ला फोंटेन यांच्या समितीने १९८२ मध्ये सांगितलं होतं की प्रगत प्रशिक्षण विमान घ्या. ते हॉक विमान हवाई दलात रीतसर दाखल झालं २००८ मध्ये, आपल्याच राज्यात, बिदरला. सव्वीस वर्षं. माझ्या मते शवपेटी म्हणायचंच असेल तर त्या सव्वीस वर्षांच्या फायलीला म्हणावं. मी स्वतः फायलीतला माणूस आहे, तेव्हा हे जपून बोलतोय.

तिसरे काका खानापूरकडचे, सांगाड्याचे कारागीर. त्यांना हा वाद पटत नाही. त्यांचं म्हणणं, १९७१ च्या १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं सोडली ती मिग-२१ नीच, दोन दिवसांत शरणागती झाली. तेव्हा कुणी शवपेटी म्हणालं नाही. अण्णा त्यावर म्हणतात, ‘अरे, त्या येळेला इमान नवं होतं, आणि आपुनबी.’ आणि दोघांचं जुंपतं.

तिघंही आज इथे आले आहेत, तिसऱ्या रांगेत बसलेत. आरतीला अजून वीस मिनिटं आहेत. माझं ऐकलंत तेवढं पुरे. आता पोरांनी त्यांच्याकडे जावं आणि पॅराशूटची घडी कशी घालायची ते विचारावं. काकांनी घरून धोतर आणलंय, त्यावर करून दाखवणार आहेत.